वाटेचे देणे : माधवनगर ते कुंडल

माधवनगरच्या पेठांना वारांची नावे आहेत. रविवार पेठ, मंगळवार पेठ, शनिवार पेठ. व्यापारी गावाला शोभेल अशी ही नावे आहेत. वहीच्या पानावर रकाने पाडावेत तशी. सांगलीहून तासगावकडे जाणारा रस्ता गावाला लागूनच जातो आणि पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्थानकही गावाच्या नावाचेच आहे. कापडगिरणी बंद पडून पुष्कळ वर्षे लोटली, तरी यंत्रमागांची खटखट अजून अनेक गल्ल्यांतून ऐकू येते. जुन्या माणसांच्या कानाला मात्र ती पुरत नाही. त्यांना अजून गिरणीच्या भोंग्याची वेळ आठवते.

उन्हाळ्यातल्या रविवारी, उजाडता उजाडता, या गावातून पाच सायकली बाहेर पडतात. त्या दूधवाल्याच्या नाहीत आणि शाळकरी मुलांच्याही नाहीत. जाड, खाचांच्या टायरांच्या, पुढच्या चाकाला धक्के सोसणारे दांडे असलेल्या या डोंगरी सायकली आहेत. चालवणारे पाचही जण पंचविशी-तिशीतले, घरच्या पेढीवर बसणारे. एकाच्या घरी हळदीचा व्यापार, एकाकडे यंत्रमाग, एकाचे किराणा दुकान, एक बेदाण्याचा दलाल आणि पाचवा सगळ्यांचे हिशेब तपासणारा सनदी लेखापाल. आठवड्याचे सहा दिवस गादीवर, खुर्चीवर किंवा मोटारीत बसून जातात. टाळेबंदीनंतरच्या काळात गावोगावी सायकलींचे जे वेड पसरले, त्यात हे पाचजणही सापडले. मात्र पुष्कळांच्या सायकली वर्षभरात गच्चीवर गेल्या, यांच्या गेल्या नाहीत.

पेढीवरच्या वडीलधाऱ्यांना हे वेड प्रथम कळलेच नाही. त्यांच्या लेखी सायकल हे कष्टाचे वाहन होते. हळदवाल्याचे आजोबा तरुणपणी काळ्या, दांडीच्या सायकलीवर कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार करीत. तासगाव, पलूस, भिलवडी ही त्यांची नेहमीची गावे. जाताना माल आणि येताना उधारीचे पैसे. ज्या दिवशी स्कूटर घेतली त्या दिवशी त्यांनी सायकलला हार घालून ती गड्याला देऊन टाकली होती. त्याच घरातला नातू एका स्कूटरच्या किमतीची सायकल घेऊन आला, तिला ना मडगार्ड, ना मागे कॅरिअर! आजोबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “हिच्यावर माल कुठे ठेवायचा?”

माल नसतोच. पाठीवरच्या पिशवीत गाळून उकळलेले पाणी, दशम्या, शेंगांची चटणी आणि भडंग. सांगलीचे भडंग लसणाशिवाय मिळवायचे तर आधी सांगून ठेवावे लागते. ते काम किराणावाल्याकडे आहे. निघायची वेळही ठरलेली आहे. सांगलीचे इतर सायकलस्वार ऊन टाळण्यासाठी पहाटे चारलाच दिवे लावून निघतात. हे पाचजण रस्त्यावरची मुंगी दिसू लागल्याशिवाय पायडलवर पाय ठेवत नाहीत. हा नियम लेखापालाच्या आईने घातला. त्यामुळे परतीला ऊन लागते, त्याची तक्रार कोणी करीत नाही.

नांद्र्याच्या दिशेने निघाले की गावाचा गलका मागे पडतो. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनमधून रिकामी, नांगरून टाकलेली काळी राने. नांद्रे आणि वसगडे ही दोन्ही गावे आपल्या समाजाची जुनी वस्ती असलेली. सकाळच्या वेळी हातात अक्षतांची डबी घेऊन मंदिराकडे निघालेली माणसे दिसतात आणि सायकलवरूनच ‘जय जिनेंद्र’ होतो. दोन गावांच्या मध्ये येरळा आडवी येते. उन्हाळ्यात तिचे पात्र म्हणजे वाळू आणि काटेरी झुडपे. खाली ब्रह्मनाळजवळ ती कृष्णेला मिळते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच कोरड्या दिसणाऱ्या नद्यांच्या काठी किती पाणी चढले होते हे एप्रिलमध्ये पाहणाऱ्याला खरे वाटणार नाही. पुढे पलूसकडे द्राक्षबागा सुरू होतात. रेल्वेचा मार्ग बराच वेळ सोबत चालतो.

पलूसच्या पुढे किर्लोस्करवाडी. सायकलवरून जाणाऱ्याने इथे क्षणभर थांबायला हरकत नाही. कारखान्यांचे हे गाव ज्या घराण्याने वसवले त्याची सुरुवात सायकलच्या दुकानाने झाली, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. नांगर आणि पंप नंतरचे. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ त्यांना दिला आणि १९१० मध्ये तिथे वसाहत उभी राहू लागली. निवडुंगाने भरलेला तो माळ होता. स्थानकाचे नावही पुढे बदलले. आजोबांना ही गोष्ट नातवाने सांगितली तेव्हा ते म्हणाले, “त्यांनी सायकली विकल्या, तू विकत घेतलीस. फरक आहे.”

इथून कुंडल जवळच. माधवनगरपासून सारे अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर भरते, दोन-सव्वादोन तासांचे. कुंडल हे नाव दोन कारणांनी मोठे आहे. स्वातंत्र्यलढ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे हे प्रमुख ठाणे, जी. डी. बापू लाड इथलेच, तुफान सेना इथली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी खजिन्याची रेल्वे अडवणाऱ्यांना आसपासच्या डोंगरांतली वाट आणि वाट तोंडपाठ होती. दुसरे कारण आपल्या घरातल्या थोरामोठ्यांना सांगावे लागत नाही. गावात कलिकुंड पार्श्वनाथ, डोंगरातल्या गुहेत झरी पार्श्वनाथ, आणि माथ्यावर गिरी पार्श्वनाथ. झरी हे नाव कातळातून पाझरणाऱ्या पाण्यावरून आले. बाहेर चाळीस अंशांचे ऊन असताना गुहेच्या गारव्यात पाऊल टाकल्यावर जे वाटते ते ज्याने एकदा अनुभवले, तो कुंडलला पुन्हा येतो. श्रावणात इथे यात्रा भरते आणि सांगली-कोल्हापूरकडची कुटुंबेच्या कुटुंबे डोंगर चढतात.

डोंगर मात्र मवाळ नाही. वर काळा कातळ, खाली मुरूम, मधे वीतभर माती. उन्हाळ्यात गवत जळून गेलेले असते, बहावा पिवळा झालेला असतो आणि करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या असतात. दर्शनाचा रूढ मार्ग सोडून गुराखी आणि आसपासच्या वाड्यांवरचे लोक वापरतात अशा काही पाऊलवाटा कडेने उतरतात. त्यांतली एक या पाचजणांना पहिल्याच उन्हाळ्यात सापडली. अरुंद, वळणावळणाची, मधे दोन-तीन कातळाच्या पायऱ्या. डोंगरी सायकलस्वाराला यापेक्षा अधिक काय हवे? सायकल खांद्यावर टाकून चढायचे आणि पंधरा मिनिटांत खाली यायचे. उतारावर मागचा ब्रेक घट्ट दाबला की चाक फिरायचे थांबून घसरत येते, मुरूम उडतो, धुळीचा लोट उठतो. तो सारा उन्हाळा, रविवारमागून रविवार, पाच सायकली त्या वाटेवरून घसरत आल्या.

मग पाऊस आला आणि सायकली घरी राहिल्या. घसरलेल्या चाकांनी वाटेच्या मधोमध जी बोटभर खोल रेघ पाडली होती, तिला पहिल्या वळवाने आपला मार्ग मानले. पाण्याला एवढेच पुरते. आधी माथ्यावरचे पाणी वाटेवरून आडवे निघून जात असे. आता ते वाटेलाच धरून धावू लागले. आषाढ संपेतो रेघेची घळ झाली, काही जागी गुडघ्याएवढी. श्रावणाच्या यात्रेला यंत्रमागवाल्याच्या घरची मंडळी गेली होती. गर्दी टाळावी म्हणून त्याची मावशीआजी दोघी सुनांना घेऊन याच वाटेने उतरू लागल्या. वर्षानुवर्षे त्या याच वाटेने उतरत आल्या होत्या. त्यांना ती तोंडपाठ होती, पण घळ नवीन होती. पाय आत गेला, तोल गेला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले.

मावशीआजींनी कोणालाही दोष दिला नाही. “पावसाने वाट खाल्ली,” एवढेच त्या म्हणाल्या. मनगटाला प्लास्टर घालून घरी बसल्या असताना नातू भेटायला गेला, तेव्हा त्याच्याकडे पाहून हसल्या आणि डाव्या हाताने त्याला लाडू दिला. तो लाडू त्याच्या घशाखाली उतरला नाही, कारण ती वाट कोणी खाल्ली हे त्याला ठाऊक होते. पुढच्या रविवारी पाचहीजण पायी डोंगरावर गेले. घळीच्या काठाला, जिथे माती अजून शाबूत होती, तिथे टायरच्या खाचांचे ठसे वाळून घट्ट झालेले होते.

हळदवाल्याने ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा आजोबा स्वाध्यायाला बसले होते. समोर समंतभद्राचार्यांचा रत्नकरंडक श्रावकाचार होता. आजोबांनी उपदेश केला नाही. चष्मा कपाळावर घेऊन त्यांनी अनर्थदंडाचे पान काढले. श्रावकाला संसार आहे, व्यापार आहे, शेती आहे. त्यातून घडणारी हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही. पण ज्यातून कसलाही अर्थ साधत नाही असे पाप टाळणे तरी हातात असते. पाच अनर्थदंडांपैकी प्रमादचर्या हा एक. कारणावाचून जमीन खणणे, पाणी सांडणे, झाडे तोडणे, आणि कारणावाचून हिंडणे व दुसऱ्याला हिंडवणे. “हिंडणेसुद्धा?” नातवाने विचारले. “हिंडणेसुद्धा,” आजोबा म्हणाले. “मी सायकलवर हजारो कोस हिंडलो. पण प्रत्येक फेरीची नोंद वहीत आहे. तुझ्या फेरीची कुठे आहे?”

नातवापाशी उत्तर नव्हते. त्याने सायकल विकायची ठरवली होती, असे त्याचे मित्र सांगतात. लेखापालाने त्याला थांबवले. सायकल विकल्याने वाट भरून येत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. देणे झाले असेल तर ते फेडून खाते मिटवावे, दुकान बंद करून पळू नये. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा युक्तिवाद लगेच पटतो.

या खेळाच्या जन्मभूमीतही असाच प्रसंग आला होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, तामल्पाइस डोंगराच्या उतारांवर १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जड, एका गतीच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडू लागले. उतरेपर्यंत मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की आतले वंगण जळून धूर निघे आणि प्रत्येक उतरणीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यातून डोंगरी सायकल घडली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपर्यंत पोहोचली. पण तिथल्या पायी चालणाऱ्यांनी आणि घोडेस्वारांनी तक्रारी केल्या, अनेक पाऊलवाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा सायकलस्वारांनी १९८८ मध्ये संघटना उभी केली आणि हातात फावडी घेतली. वाट कशी बांधावी, पाणी कसे काढून द्यावे याचे आज जे शास्त्र जगभर वापरले जाते, त्याचा मोठा भाग या बंदीतून आलेला आहे.

त्या शास्त्राचे सार मराठी शेतकऱ्याला नवे नाही. वाटेचा शत्रू चाक नव्हे, पाय नव्हे, पाणी. चाक फक्त पाण्याला रस्ता दाखवते. म्हणून वाट उताराच्या दिशेने सरळ उतरू द्यायची नाही, कडेकडेने न्यायची. डोंगराला जेवढा उतार असेल त्याच्या निम्म्याहून अधिक उतार वाटेला असू नये, नाहीतर पाणी वाट सोडून जात नाही. दहा हात चालल्यावर एक हात चढ, हे सर्वसाधारण माप. वाटेचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा. हातभर रुंदीला बोटभर. आणि ठरावीक अंतरावर वाटेला लवण द्यायची, म्हणजे उतरती वाट काही पावलांपुरती पुन्हा चढवायची, की खोलगट जागी पाणी आपोआप बाहेर पडते. आडवे दगड रोवूनही पाणी वळवता येते, पण त्यामागे गाळ साचतो आणि दोन पावसांत तो बांध निकामी होतो. लवण अधिक टिकते.

समतल रेषा शोधण्याचे साधनही घरचेच निघाले. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपची पहिली स्पर्धा २०१६ मध्ये झाली. तिच्या तीन तालुक्यांत साताऱ्याचा कोरेगाव होता आणि बेदाणेवाल्याचे आजोळ त्याच तालुक्यात. भर उन्हाळ्यात गावेच्या गावे श्रमदानाला उतरली होती, त्यांत तोही मामांबरोबर आठ दिवस राबला होता. तिथे शिकलेली ए-फ्रेम त्याला आठवली. तीन काठ्या, एक दोरी, दोरीला टांगलेला दगड. दोन पाय जमिनीवर टेकवायचे आणि ओळंबा मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीवर. सहा हजारांचे यंत्र मागवायच्या तयारीत असलेला यंत्रमागवाला हे पाहून काही वेळ गप्प बसला.

काम सुरू करण्याआधी एक पायरी होती आणि ती घाईच्या माणसाला कंटाळवाणी वाटण्याजोगी होती. राखीव वनाची जमीन विनापरवाना खणणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी. वनाधिकाऱ्यांना शिक्षण देणारी अकादमी ज्या कुंडलमध्ये आहे, तिथे हे ठाऊक नसल्याचे सोंग करणे तर हास्यास्पदच. मंदिराच्या व्यवस्थापनाशी बोलणे, वनखात्याशी बोलणे, अर्ज, पुन्हा अर्ज. नवी वाट काढायची नाही, झाड तोडायचे नाही, यंत्र लावायचे नाही, जुनीच वाट दुरुस्त करायची, एवढ्यावर गोष्ट ठरली. यात हिवाळा संपला.

यंदाच्या चैत्रात महावीर जयंतीनंतरच्या रविवारी पहिली कुदळ पडली. खरे तर कुदळ फार थोडी पडली. वाट बांधणारे सांगतात की काम ओल्या मातीत करावे. ओली माती दाबली की घट्ट बसते, उन्हाळ्यातला मुरूम पिठासारखा उडतो. शास्त्राच्या दृष्टीने पहिला वळीव झाल्यानंतरचा आठवडा उत्तम. पण पहिल्या वळवानंतर जमिनीतून काय काय बाहेर येते हे डोंगराखालच्या कोणालाही विचारावे. लाल मखमली किडे, गांडुळे, मुंग्यांची वारुळे, पंखांच्या वाळव्या. त्या आठवड्यात जमिनीला हात लावायचा नाही, असे हळदवाल्याने ठामपणे सांगितले आणि त्यावरून दोन रविवार वाद झाला. तोडगा दगडाने दिला. माती कमीत कमी हलवायची, घळ सुट्या दगडांनी खालून वर भरत आणायची, मोठे दगड तळाला, लहान दगड फटींत, वर चपटे दगड बसवून पायरी. माती पाऊसच आणून भरील. काम दुपटीने वाढले.

दगड उचलणे ही डोंगरावर साधी क्रिया नाही. त्याखाली विंचू असतो, कधी फुरसे. पहिल्याच दिवशी किराणावाल्याने हात घातलेल्या दगडाखाली पिलांना पाठीवर घेतलेली विंचवी निघाली. तेव्हापासून पद्धत ठरली. आधी काठीने दगड आपल्यापासून दूर कलता करायचा, खाली पाहायचे, काही जिवंत असेल तर दगड होता तसा अलगद ठेवून दुसरा शोधायचा. काही नसेल तर मऊ कुंच्याने झाडून मग उचलायचा, आणि ठेवण्याआधी ठेवायची जागाही झाडायची. आजोबांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. मुनींच्या पाच समित्यांत आदाननिक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना व ठेवताना पाहून, पिंछीने परिमार्जन करून उचलावी-ठेवावी. “तुम्ही हे कुठे वाचलेत?” त्यांनी विचारले. कोणी वाचलेले नव्हते. विंचवीने शिकवले होते. हातमोजे मात्र आजोबांनी स्वतः पाहून घेतले. बाजारात मिळणारे जाड मोजे कातड्याचे असतात, म्हणून सुताचे, रबराचा थर दिलेले मोजे सांगलीतून आणवले.

अकरापर्यंत काम, मग सावली. दशम्यांचे डबे उघडले की गप्पा रंगतात आणि नजर समोरच्या रांगेकडे जाते. तिकडे सागरेश्वरचे अभयारण्य आहे. एकेकाळी उघड्याबोडक्या असलेल्या त्या टेकड्यांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडे उभी राहिली, हरणे सोडली गेली, आणि १९८५ मध्ये त्या १०.८७ चौरस किलोमीटर भूमीला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसाने घडवलेले अभयारण्य म्हणून त्याची ख्याती आहे. तिथल्या वाटांवरून सायकल न्यावी असे एकदा बेदाणेवाल्याच्या मनात आले होते. इतरांनी ते तिथेच सोडून द्यायला लावले. चितळाला पळवून मिळणारा आनंद नको होता.

वेगाचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. ईर्यासमिती सांगते, पुढची चार हात जमीन पाहून चाला. एका दुपारी लेखापालाने डब्याच्या झाकणावर हिशेब मांडला. चार हात म्हणजे सहा फूट. सायकल ताशी वीस किलोमीटरने उतरत असेल तर सहा फूट जायला सेकंदाचा एक-तृतीयांश भाग लागतो. तेवढ्या वेळात डोळ्याला मुंग्यांची रांग दिसून हाताने ब्रेक दाबला जाणे शक्य नाही. चालण्याच्या वेगाने उतरले तर शक्य आहे. पण मग सायकल कशाला? मुनींचे व्रत गृहस्थाला लागू नाही, असे यंत्रमागवाला म्हणाला. ते खरेच होते आणि तरीही झाकणावरचा आकडा कोणी पुसला नाही. शेवटी एवढे ठरले की दर्शनाला जाणारे-येणारे वापरतात त्या वाटेवर सायकलवर बसायचेच नाही, हातात धरून चढायचे-उतरायचे. सायकल चालवायची ती पायथ्याच्या रुंद, उघड्या, उजेडाच्या गाडीवाटेवर. मागचा ब्रेक दाबून चाक घसरवणे बंद. दोन्ही ब्रेक हलके आणि आधीपासून. आणि आषाढ शुद्ध चतुर्दशीला साधूंचा चातुर्मास सुरू झाला की कार्तिकापर्यंत डोंगरावर सायकल नाही. किराणावाल्याला यातले निम्मे नियम जाचक वाटतात, तो तसे बोलूनही दाखवतो, पण पाळतो.

परतीचा प्रवास चार वाजता. ऊन पाठीवर येते, हँडल तापलेले असते. अक्षय तृतीयेच्या आसपासच्या रविवारी पलूसच्या अलीकडे एका रसवंतीवर पाचहीजण थांबले. भगवान ऋषभदेवांचे दीर्घ उपवासानंतरचे पारणे हस्तिनापुरी राजा श्रेयांसाच्या हातून उसाच्या रसाने झाले, ती ही तिथी. उसाच्या प्रदेशात राहून हा योग चुकवायचा कसा? रस बर्फावाचून घेतला. रसवंतीवाल्याने मातीने माखलेले हात पाहून विचारले, “कुठल्या कामावर असता?” “वाटेच्या,” हळदवाला म्हणाला. सूर्यास्ताआधी घरी पोहोचून जेवायचे असते, म्हणून फार वेळ बसता आले नाही. येरळेच्या पुलावर वळवाचे पहिले थेंब पडले आणि थांबले.

वैशाख संपेपर्यंत सात रविवार झाले. घळ जवळजवळ सगळी दगडांनी भरली, पाच ठिकाणी लवणे काढली, सर्वात उभ्या जागी अकरा पायऱ्या बसल्या. मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी मावशीआजी पायथ्यापर्यंत मोटारीने आल्या. मनगट जुळले आहे, पण मूठ पूर्ण वळत नाही. त्या वर चढल्या नाहीत. खाली दगडावर बसून त्यांनी वाटेकडे बराच वेळ पाहिले आणि तिसऱ्या पायरीचा दगड हलतो आहे असे सांगितले. तो खरोखरच हलत होता. नातवाने तो काढून, खालची जागा झाडून, पुन्हा बसवला. ती वाट आता दुरुस्त झाली आहे का, हे त्यांनी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. ते पावसावाचून सांगता येत नाही.

जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर पाचहीजण बसने कुंडलला गेले आणि पायी वर चढले. छत्र्या होत्या, पण त्या मिटूनच ठेवल्या. पाणी कसे जाते ते पाहायचे होते. पहिल्या दोन लवणांतून ते शहाण्यासारखे बाहेर पडत होते. तिसऱ्यात गाळ साचून पाणी पुन्हा वाटेवर आले होते आणि पुढच्या वीसेक हातांत दगडांमधली माती धुऊन नेली होती. चौथे-पाचवे ठीक. पायऱ्या जागच्या जागी होत्या. हळदवाल्याला वाटले हाताने गाळ काढावा. वाकला, आणि ओल्या गाळात हालचाल दिसली तेव्हा तसाच उठला. वाटेच्या बाजूला काठी रोवून तिला लाल फडके बांधले, चढणाऱ्यांना दिसावे म्हणून.

संध्याकाळी आजोबांनी विचारले, “पाणी कुठून गेले?” नातवाने सांगितले. आजोबांनी गादीखालून एक लाल कापडी पुठ्ठ्याची कोरी वही काढून त्याच्यापुढे सरकवली. पहिल्या पानावर त्याने तारीख घातली आणि लिहिले : लवण क्रमांक ३, जागा चुकली, सहा हात वर घ्यावी. काम कार्तिकी पौर्णिमेनंतर.